जर्मन पद्धतीचा नकार

३ फेब्रुवारी, सोमवार

शेठ पुन्हा ‘होऊन जाईल’ म्हणाले. अजून बाई विमानात बसलेली नाही, आणि होऊन जाईल!

नीट लिहितो, नाहीतर नंतर संदर्भ लागत नाही. एका जर्मन कंपनीला गाडीच्या सीटखालच्या ब्रॅकेटसाठी चाकणमध्ये छोटा पुरवठादार हवा आहे. त्यांच्या खरेदी विभागाच्या हाफनर मॅडम एकवीस तारखेला येऊन तीन शॉप, म्हणजे पत्रा दाबायचे छोटे कारखाने, बघणार. त्यातलं एक आमचं. काम मिळालं तर आमची दुसरी पाळी राहील. नाही मिळालं तर मार्चनंतर बंद. रोहिदास शेठनी हे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं. वर म्हणाले, त्यांना डाय, म्हणजे ब्रॅकेटचा साचा, सहा आठवड्यांत पाहिजे, सहा तर सहा.

डाय करणार नवाबभाई. तो दुसऱ्या पाळीचा, आज मुद्दाम लवकर बोलावला होता. म्हणाला, "शेठ, दहा लागतात." शेठ म्हणाले, "तेच म्हणतोय मी. होऊन जाईल."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. हा आपला राष्ट्रीय आजार. आणि मी क्वालिटीचा माणूस. माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

४ फेब्रुवारी

राष्ट्रांचा तक्ता पूर्ण केला.

मी कॉलेजात गेलो नाही. पिंपरीच्या बाजारात किलोवर मिळणारी व्यवस्थापनाची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली. शिवाय या पट्ट्यात जो जो परदेशी साहेब आला त्याचं प्रत्यक्ष निरीक्षण केलं. पुस्तकवाल्यांना ही सोय नव्हती.

गुण चार धरले – स्पष्टपणा, वेळ, साहेबाचा धाक, आग्रह. प्रत्येकी शंभर. जर्मनी: स्पष्टपणा ९६, वेळ ९८, धाक ३०, आग्रह शून्य. जपान: स्पष्टपणा ११, वेळ ९९. जपानी माणूस गप्प बसला की विचार करतोय असं समजायचं. आमचे शेठ गप्प बसले की जेवण जास्त झालंय. कोरियन माणूस पहिल्या भेटीत वय विचारतो. आपणही विचारतो. पण ते वयावरून मान ठरवतात, आपण लग्न ठरवतो. अशा बारकाव्यांना कुठल्याच पुस्तकात रकाना नाही.

भारताला एकच आकडा देणं अशास्त्रीय ठरलं असतं. सांगली आणि सोलापूर वेगळे काढले. पुण्याला स्पष्टपणात ८८ द्यावे लागले. वाईट वाटलं, पण माप ते माप.

मुद्दा हा की जर्मनीला ‘नाही’ ऐकू येतं आणि आम्हाला ते म्हणता येत नाही. उपाय सरळ आहे. शिकवायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेठकडून परवानगी घेतली. सकाळी सुरक्षेची शपथ झाली की थोडा वेळ नकाराचा सराव. शेठनी विचारलं, "म्हणजे पोरांना माझ्याविरुद्ध उभं करणार का?" मी म्हणालो, फक्त जर्मनीपुरतं.

८ फेब्रुवारी

सराव सुरू. फार कच्चा माल आहे.

समाधानला पुढं बोलावलं. तो परभणीकडचा, प्रेसवर आहे. मी मॅडम झालो. विचारलं, हजार नग उद्या मिळतील? म्हणाला, "बघतो ना, सर." मी म्हणालो, चूक. पुन्हा विचारलं. म्हणाला, "प्रयत्न करतो." पुन्हा. मग त्यानं नुसती मान हलवली – अशी, की त्यातून काहीही निघू शकेल. मी पट्टी काढून त्याला मान सरळ उभ्या रेषेत कुठे हलते आणि आडव्या रेषेत कुठे, ते भिंतीवर खुणा करून दाखवलं.

दुपारी पाळीला आलेल्या नवाबभाईला विचारलं, डाय उद्या होईल का? म्हणाला, "इन्शाअल्लाह." मी म्हणालो, नवाबभाई, हे उत्तर जर्मनीत कुठल्या रकान्यात घालायचं? म्हणाला, "हिंदुरावभाऊ, रकाना वरचा ठरवतो."

अनिर्णित अशी नोंद केली.

१० फेब्रुवारी

प्रगती आहे. समाधान आज दोनदा स्पष्ट ‘नाही’ म्हणाला. दुसऱ्यांदा तर मी विचारायच्या आधीच.

नियम घालून दिले. मॅडम विचारतील तेवढंच उत्तर. वर काही जोडायचं नाही. कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की माणूस मऊ पडतो. घरची चौकशी करायची नाही, केली तर उत्तर द्यायचं नाही – जर्मनीत घर आणि काम यांच्यात भिंत असते. शेठनी बैठकीत तोंड उघडायचं नाही, कारण धाक ३० आहे, तिकडे ज्याला माहीत तो बोलतो. हे शेठना सांगताना थोडा घाम आला, पण त्यांनी हसून मान्य केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी.

सराव घरीही करत होतो, आरशासमोर. बायको कौशल्या भाजी निवडत ऐकत होती. दुपारी तिला म्हणालो, चहा टाकतेस का?

म्हणाली, "नाही."

कारण विचारलं.

"कारण सांगितलं की माणूस मऊ पडतो म्हणे."

चहा मी केला. तिनं पिऊन सांगितलं की साखर जास्त झाली. स्पष्टपणा ९६ च्या पुढे जातोय, तक्त्यात तिच्यासाठी वेगळी ओळ करावी लागेल.

१५ फेब्रुवारी

गोंधळ झाला.

शेठनी येत्या गुरुवारी ओव्हरटाइम लावला. मॅडम येण्याआधी शॉप धुऊन पुसून रंगवायचं होतं. पहिल्या पाळीला विचारलं. समाधान म्हणाला, "नाही, शेठ." मागचे सगळे एका सुरात – नाही. मान आडव्या रेषेत, अगदी खुणेबरहुकूम. शेठनी कारण विचारलं. कोणीही कारण दिलं नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. खरं सांगायचं तर उच्चार ऐकून समाधान वाटलं, म्हणजे मला, समाधानला नव्हे.

शेठनी केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"हिंदुराव, जर्मनी यायच्या आधीच बंद पाडताय का कंपनी?"

मी म्हणालो, शेठ, हा सराव यशस्वी झाल्याचा पुरावा आहे. शेठ म्हणाले, मग रंग तुम्ही द्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रंग दिला. हिरवा, दोन हात. नवाबभाई मदतीला आला, आपणहून. त्याची पोरगी कशफ यंदा बारावीला आहे. पेपर चालू आहेत, घरात मोठ्यानं बोलायची बंदी, म्हणून इकडे आलो म्हणाला. रंगवताना एकदाच बोलला, "पाळी गेली तर मला या वयात कोण ठेवणार, भाऊ?" मी त्याला जर्मनीचा स्पष्टपणा पुन्हा समजावला. त्यानं ब्रश नीट निथळून घेतला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठा दिवस. क्रमानं लिहितो.

दहाची वेळ होती. आम्ही पावणेदहाला गेटशी रांगेत, बूट चमकवलेले. दहा वाजले. बाई नाही. सव्वा दहा. जर्मन बाई आणि उशीर! माझा तक्ता हलला. पावणेअकराला गाडी आली. मॅडम उतरल्या, उंच, पन्नाशीच्या, दोन्ही हात जोडून नमस्कार. उशिराबद्दल एक शब्द नाही. उलट आम्ही रांगेत उभे बघून थोड्या ओशाळल्या.

शॉपच्या दाराशी येऊन त्यांनी बूट काढले. प्रेस शॉप! खाली पत्र्याच्या कपच्या! आम्ही त्यांना सेफ्टी शूजशिवाय आत सोडू शकत नव्हतो आणि त्या पायात काही घालून आत यायला तयार नव्हत्या. शेवटी समाधानचे आठ नंबरचे घातले. त्यात त्या दिवसभर बदकासारख्या चालल्या.

बैठक. आमच्याकडून मी, नवाबभाई, ऑफिसची दिव्या मराठी-इंग्रजी करायला, आणि शेठ गप्प. मॅडमनी ड्रॉइंग उघडलं नाही. त्यांनी नवाबभाईला विचारलं, घरी कोण कोण असतं? मुलं किती? आई-वडील ठीक आहेत ना? नवाबभाईचा चेहरा उजळला होता. कशफचा फिजिक्सचा पेपर चांगला गेलाय, त्याच्या ओठावर ते आलेलं मला दिसलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "नॉट रिलेटेड टू डाय."

मॅडमनी मला विचारलं. मी सांगितलं, आपण कामाचं बोलू या. दिव्याला विचारलं, लग्न झालंय का? दिव्यानं कधी नव्हे ते माझे आभार मानल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, कामाचं बोलू या.

मॅडमनी ड्रॉइंग उघडलं. डाय सहा आठवड्यांत?

नवाबभाई म्हणाला, "नो." स्वच्छ. मान आडवी. मला अभिमान वाटला.

जर्मन माणूस इथे थांबतो. लिहून घेतो. पण बाई हसल्या, पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, बरं, सात तरी? हात असा पुढे, जसा ताटात वाढायला. नवाबभाई म्हणाला, "नो." तशा अजून गोड हसल्या. माझ्यासाठी तरी, आठ? आठला काय हरकत आहे? "नो."

तीनदा झालं. मॅडमनी काम झाल्यासारखी मान हलवली, फाइल बंद केली, पेनाला टोपण लावलं.

दहा! दहाला ‘हो’ होतं! नवाबभाईला दहा माहीत होतं, मला माहीत होतं. पण विचारलं नाही ते सांगायचं नाही, हा नियम. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नियमाकडे बघितलं. शेठनी पाण्याचा ग्लास उचलून सगळा संपवला आणि रिकामा ग्लास हातात धरून बसले.

जेवण. अंबुबाईंची खानावळ मूळ चाकणची. त्यांनी पुरणपोळी आणि कटाची आमटी आणली होती. त्यांना मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, एकदा विचारायचं, नको म्हणाली की पुढं सरकायचं. मॅडमनी पहिली पोळी फार चवीनं खाल्ली. अंबुबाई दुसरी घेऊन आल्या. मॅडम म्हणाल्या, "नो, थँक यू," आणि ताटावर हात आडवा धरून हसत वर बघत राहिल्या. अंबुबाई पोळी घेऊन उभ्या. मी खूण केली. त्या सरकल्या. मॅडमची नजर पोळीबरोबर टेबलाच्या टोकापर्यंत गेली. भात – नो, थँक यू. सरकल्या. भजी – सरकल्या.

मागं मोरीपाशी अंबुबाईंनी मला गाठलं. "आवं, पाव्हणी हाय ती. एकदा इचारून ताट उचलायचं व्हय? आमच्यात तर कुत्र्यालाबी दोनदा बोलावत्यात."

मी त्यांना सांगितलं की जर्मनीचा आग्रह शून्य आहे. त्या म्हणाल्या, "तिचा आसंल. तुमचा कुटं गेला?"

मॅडम तीन वाजता गेल्या. समाधानचे बूट विसरून घालूनच गेल्या. गेटवरून परत पाठवले.

२२ फेब्रुवारी

विक्की भेटला. आमच्याच रहाटणीतला, गल्लीच्या तोंडाशी राहतो. काल मॅडमना त्याचीच भाड्याची गाडी होती. म्हणाला, काका, बाई भारी होती पण. साडेनऊलाच आम्ही तुमच्या गेटच्या अलीकडे वडाखाली पोचलो होतो. मॅडम म्हणाल्या थांब. इथं वेळेवर जाणं उद्धट दिसतं. तासभर एसी लावून बसल्या आणि कसलं तरी छापील कार्ड पाठ करत होत्या.

"आणि काका, तुम्ही जेवायला काही दिलं नाही का त्यांना?"

परत जाताना मोशीत गाडी थांबवली म्हणे. वडापाव घेतला. खाऊन झाल्यावर वडापाववाला म्हणाला, घ्या मॅडम अजून एक, गरम आहे. त्या नको म्हणाल्या. तो म्हणाला, घ्या हो. त्या परत नको म्हणाल्या. त्यानं सरळ हातात ठेवला. तर मॅडमच्या डोळ्यांत पाणीच. विक्कीला म्हणाल्या, सकाळपासून हेच कोणी करेना.

म्हणजे बाई आमचा अभ्यास करून आली होती. उशीर, बूट, घरची चौकशी, तीनदा आग्रह, पहिला नकार खरा धरायचा नाही आणि तिसरा धरायचा. सगळं बरोबर! तक्त्यातल्या सांगलीच्या ओळीशी ताडून बघितलं, चार गुणांचाही फरक नाही. आणि आम्ही त्याच वेळी जर्मन. खोलीत दोन्ही देश हजर होते, फक्त खुर्च्या उलट्या.

तिसरा नकार तिनं खरा धरला. नियम माझा होता.

२४ फेब्रुवारी

उत्तर नाही.

२५ फेब्रुवारी

उत्तर नाही. नवाबभाई भोसरीतल्या एका डाय करणाऱ्या टूलरूमला जागा विचारून आला. त्यांनी सांगितलं, बघू. नवाबभाई म्हणाला, "भाऊ, त्यांना द्या तुमचं ट्रेनिंग. निदान नाही तरी म्हणतील."

सराव बंद केला. कोणी विचारलंही नाही का ते.

२६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.

कौशल्यानं खिचडी वाढली. पुरे म्हणालो. तिनं वाढली. पुरे म्हणालो. परत वाढली. बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मेल आला! शेठच्या नावानं नाही – नवाबभाईच्या आणि माझ्या नावानं. दिव्यानं वाचून दाखवला. इतर दोन्ही शॉपनी सहाला ‘हो’ सांगितलंय. तुम्ही तीनदा ‘नाही’ म्हणालात. सोमवारपर्यंत कळवा, तुमचं ‘हो’ कितीला आहे?

नवाबभाईनं बोटं हातातल्या फडक्याला पुसली आणि म्हणाला, "दहा. लिहा."

तेवढ्यात शेठ आले. दिव्यानं त्यांना दाखवलं. शेठनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "याला उत्तर देऊ नका. माझं फोनवर बोलणं झालंय. होऊन जाईल."

म्हणजे सांगून टाकलं सहा! तीन आठवडे मी कशाशी झगडलो, आणि या माणसानं एका फोनवर सहा सांगून टाकलं. सहाव्या आठवड्याला डाय अर्धी असणार, बाई काम काढून घेणार, नवाबभाई भोसरीत ‘बघू’ ऐकत फिरणार.

मला तिथल्या तिथे म्हणायचं होतं – नाही, शेठ. स्पष्ट, मान आडवी, कारण न देता. सगळ्या शॉपला मीच शिकवलं.

"बरं, शेठ," म्हणालो.

दिव्या खाली बघून हसली. नवाबभाई हसला नाही.

१ मार्च

तक्त्यात स्वतःची ओळ नव्हती. घातली. स्पष्टपणा – ४. आधी ६ लिहिले होते, खोडले.

३ मार्च, सोमवार

पाठवलं.

दुपारी नवाबभाईला विचारलं, दहा नक्की? त्यात सुट्टी, आजारपण, स्टील उशिरा येणं, सगळं धरलं? म्हणाला, "सगळं लागलं तर दहा. एक दिवस वर नाही, एक दिवस खाली नाही. बाकी इन्शाअल्लाह." या वेळी मला त्याचा रकाना सापडला, काटेकोरपणाचा होता.

दिव्याकडून इंग्रजी तपासून घेतलं. तिनं एक चूक काढली, बरोबर होती. दहा आठवडे. खाली नवाबभाईचं नाव, माझं नाव. शेठना प्रत नाही. दिव्या म्हणाली, "काका, शेठना कळलं तर?" मी म्हणालो, कळू दे. बटण तिनं दाबलं नाही, मला दाबायला लावलं.

संध्याकाळी शेठनी जाता जाता विचारलं, त्या मेलला उत्तर नाही ना दिलं?

मी म्हणालो, "दिलं, शेठ. खरं ते."

शेठ थांबले. मग गाडीची किल्ली खिशात टाकली, परत काढली, आणि निघून गेले. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. घरी येऊन कौशल्याला सांगितलं. ती म्हणाली, काढतील का कामावरून? मी म्हणालो, जर्मनीत नसतं काढलं. तिनं न विचारता चहा टाकला.

५ मार्च, बुधवार

काम आमचं! दुसरी पाळी राहिली. नवाबभाई टूलरूममध्ये पंधरा मिनिटं बसून होता, मग कशफला फोन करून पेपर कसा गेला विचारलं.

मॅडमच्या मेलच्या शेवटी लिहिलंय: ‘तुमच्या शेठनी भेटीच्याच संध्याकाळी फोन करून मला बारा आठवडे सांगितले होते. म्हणाले, माझ्या माणसांना मी सहा सांगतो, पण त्यांना घाई लावू नका. आमच्या कोर्समध्ये मात्र होतं की भारतात मालकाचा आकडा धरू नये, काम करणाऱ्याला विचारावं. दहा वाचून आनंद झाला. दहाच धरते.’

शेठनी आमच्यासाठी मागून घेतलेले दोन आठवडे मी लेखी परत केले. शेठनी हा मेल अजून वाचलेला नाही. उद्या गुरुवार, सुट्टी.